पॉलिप मिटले म्हणून दगड उकळू नका

प्रश्न : पुण्यातील आमच्या घरी सुमारे दीडशे लिटर पाण्याची समुद्री टाकी गेल्या वर्षीपासून आहे. तीत दोन क्लाउनफिश, झोअँथिड (गालिच्यासारखे पसरणारे छोटे प्रवाळ) यांचे तीन दगड, छत्रीच्या आकाराचा एक लेदर कोरल, थोडे मशरूम कोरल आणि झेनिया हा प्रवाळ आहे. मार्चअखेरपासून झोअँथिडचे पॉलिप (फुलासारखे उमलणारे छोटे जीव) उमलेनासे झाले आहेत, लेदर मरगळून त्याच्यावर मेणासारखा पापुद्रा आला आहे आणि झेनिया निम्मी उरली आहे. उन्हाळ्यामुळे झाकण काढून पंखा लावला असल्याने तापमान 27 अंशांच्या आसपास राहते. घटलेले पाणी मी दर रविवारी स्वयंपाकघरातील आरओच्या पाण्याने भरून काढतो. त्यानंतर माझ्या मीटरवर खारटपणा (विशिष्ट घनता) 1.026 दिसतो, मात्र एका शनिवारी दुकानात तपासायला नेलेल्या पाण्याचा आकडा 1.029 आला. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य आहेत. महिन्याभरात मी फॉस्फेट शोषणारे माध्यम घातले, दिव्याची तीव्रता 40 वरून 80 टक्के केली आणि आयोडीनचे थेंब सुरू केले. एका दगडावर झोअँथिडसारख्याच तपकिरी पॅलिथोआंच्या मध्ये एप्टेशिया (तणासारखे वाढणारे समुद्रफूल) माजली आहे. तो दगड काढून उकळत्या पाण्यात टाकावा, असा सल्ला मला मिळाला. तसे करू का? शिवाय एका ओळखीच्यांकडे हॅमर कोरल स्वस्तात मिळत आहे आणि आमच्या मालवणकडच्या खडकांवरही असेच पॉलिप दिसतात. पुढे त्यांचा विचार करावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील दगड उकळण्याच्या मुद्द्याचे उत्तर सर्वांत आधी देतो, कारण बाकीच्या गोष्टी आठवडाभर थांबू शकतात आणि ही थांबू शकत नाही. तो दगड कोणत्याही परिस्थितीत उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, तो ब्रशने घासू नका आणि जोरदार फवाऱ्याखालीही धरू नका. पॅलिथोआ आणि काही झोअँथिड यांच्या शरीरात पॅलिटॉक्सिन नावाचे विष असू शकते. हवाई बेटांपैकी माउई येथील हाना भागातल्या एका डबक्यात वाढणाऱ्या पॅलिथोआमधून हे विष वेगळे करण्यात आले आणि त्याची माहिती 1971 मध्ये प्रसिद्ध झाली. त्या डबक्यातील 'शेवाळ' भाल्याच्या टोकाला लावले की घाव जिवावर बेततो, हे तिथल्या लोकांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. हे विष त्या पंपाला चिकटते आणि त्याचे रूपांतर सताड उघड्या दारात करते. दगड उकळला किंवा घासला की विष वाफेतून आणि बारीक तुषारांतून हवेत पसरते. छंद म्हणून टाकी ठेवणाऱ्या घरांमध्ये अशा प्रकारे संपूर्ण कुटुंबाला ताप, खोकला, धाप आणि अंगदुखी होऊन रुग्णालयात जावे लागल्याच्या घटना युरोप-अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत. डोळ्यात थेंब उडाल्यास बुबुळावरील पारदर्शक पटलाला गंभीर इजा होऊ शकते. या विषावर नेमका उतारा उपलब्ध नाही आणि डॉक्टरांना लक्षणांनुसारच उपचार करावे लागतात.

याचा अर्थ टाकी घरात ठेवणेच धोक्याचे आहे, असा नाही. पाण्यात शांतपणे उमललेला पॉलिप कोणालाही काही करत नाही. मात्र दगड हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा, बोटाला जखम असताना टाकीत हात घालू नये, पॉलिप कापायचे झाल्यास ते पाण्याखाली कापावेत आणि नंतर वापरलेले पाणी व साहित्य मुलांपासून आणि घरातील कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवावे. चुकून संपर्क येऊन त्रास सुरू झाला, तर रुग्णालयात 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द आवर्जून सांगावा, कारण समोरच्या डॉक्टरांनी असा रुग्ण पूर्वी पाहिलेला असण्याची शक्यता फार कमी आहे.

एप्टेशियाचा बंदोबस्त दगड टाकीत ठेवूनच करता येतो. मत्स्यालयासाठी मिळणारे कॅल्शियम हायड्रॉक्साइड थोड्या पाण्यात कालवून त्याची दाट पेस्ट करा, वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) बंद करा आणि सिरिंजने ती अलगद एप्टेशियाच्या तोंडावर सोडा. एका दिवशी तीन-चारपेक्षा अधिक एप्टेशियांवर हा प्रयोग करू नये, कारण या द्रव्याने पाण्याचा पीएच चढतो. पेस्ट शेजारच्या पॅलिथोआंवर पडणार नाही, इतके अंतर जिथे आहे तिथेच ती वापरा; जिथे दोन्ही एकमेकांत गुंतले आहेत, तिथे पेपरमिंट श्रिंप (एक छोटी कोळंबी) हा सौम्य उपाय बरा, जरी प्रत्येक श्रिंप एप्टेशिया खातेच असे नाही. चिमट्याने ओढून काढण्याचा मोह टाळावा, कारण मागे उरलेल्या लहानशा तुकड्यातूनही नवी एप्टेशिया उभी राहते.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. आपल्याला शनिवारचा आणि रविवारचा आकडा जुळत नाही म्हणून दोनपैकी एक मीटर चुकीचे वाटत असावे. माझ्या मते दोन्ही मीटर बरोबर असण्याचीच शक्यता अधिक आहे. झाकण काढून पंखा लावला की पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आपल्या आकाराच्या टाकीतून दिवसाला दोन लिटर पाणी सहज उडून जाते. पाणी उडते, मीठ मागेच राहते. सात दिवसांत 14 लिटर पाणी गेले, तर 150 लिटरमधले सारे मीठ 136 लिटरमध्ये येते आणि दर हजार भागांना 35 असलेला खारटपणा 38.6 पर्यंत चढतो. हायड्रोमीटरच्या भाषेत हे 1.026 वरून 1.029 पर्यंत जाणे झाले. म्हणजे आपण कळवलेले दोन्ही आकडे. मग रविवारी 14 लिटर गोडे पाणी एकदम पडते आणि आठवडाभर हळूहळू चढलेला खारटपणा काही मिनिटांत खाली येतो. माशांची मूत्रपिंडे आणि कल्ले शरीरातील मिठाचा तोल बराचसा सांभाळू शकतात. प्रवाळांकडे तशी कोणतीही यंत्रणा नाही. बाहेर जेवढा खारटपणा, तेवढाच त्यांच्या पेशींत, त्यामुळे प्रत्येक रविवारी त्यांच्या पेशींत बाहेरून पाणी शिरते आणि पॉलिप स्वतःला मिटून घेतात. पुढच्या तीन-चार दिवसांत सावरून उमलावे, तोवर खारटपणा पुन्हा वर चढू लागलेला असतो. त्रास मार्चअखेर सुरू झाला, आणि माझा अंदाज आहे की पंखाही त्याच सुमारास लागला असेल.

उपाय साधा आहे आणि त्याला खर्चही फारसा नाही. पाण्याची पातळी हवी तिथे काचेवर बाहेरून एक रेघ मारा आणि उडालेले पाणी रोज सकाळी व संध्याकाळी थोडे-थोडे भरा. पाणी सम्पमध्ये (टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) किंवा वेव्हमेकरच्या झोताजवळ ओता. पॉलिपांवर थेट ओतू नका. आज खारटपणा चढलेला असेल, तर तो एका दिवसात 0.001 पेक्षा जास्त उतरणार नाही, अशा बेताने खाली आणा. पुढे स्वयंचलित टॉप-अप बसवलात तर उत्तमच. मात्र त्याच्या साठ्याची बादली दहा लिटरहून मोठी ठेवू नका: सेन्सर अडकून सारे पाणी टाकीत आले तरी दीडशे लिटरमध्ये तेवढे गोडे पाणी प्रवाळ सहन करतात, पन्नास लिटर मात्र नाही. झुलत्या काट्याच्या हायड्रोमीटरवर हवेचे बुडबुडे चिकटून आकडा बदलतो, म्हणून शक्य असल्यास रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि त्याचे शून्य केवळ शुद्ध पाण्याने न लावता 35 च्या प्रमाणित द्रावणाने तपासा, कारण आपल्याला अचूकता हवी आहे ती 35 च्या आसपास.

स्वयंपाकघरातील आरओविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे ही गफलत घरोघरी होते. पिण्याच्या पाण्याची यंत्रे चवीसाठी बनवलेली असतात. त्यांतील टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर न गाळलेल्या पाण्याचा काही भाग शुद्ध पाण्यात मुद्दाम परत मिसळतो आणि मिनरल कार्ट्रिज त्यात आणखी क्षार सोडते. आपल्या पोटाला हे पाणी चांगले असले, तरी टाकीत दर आठवड्याला 14 लिटर उडते आणि त्यातले सिलिकेट, फॉस्फेट व इतर क्षार मागे राहून साचत जातात. सोसायटीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी येत असेल, तर परिणाम आणखी लवकर दिसतो. टीडीएस मीटर स्वस्त असतो. यंत्रातून निघणाऱ्या पाण्यावर तो धरून पाहा. आकडा शून्य हवा. तो आणण्यासाठी त्या यंत्रातील मिसळणीचा भाग टाळून पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांची) नळी जोडावी लागते, आणि रेझिनचा रंग बदलला की ते बदलावे लागते.

नायट्रेट आणि फॉस्फेट शून्य आल्याचे आपण काहीशा अभिमानाने लिहिले आहे, आणि यात आपला दोष नाही. टाकी ठेवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला सुरुवातीला हेच शिकवले जाते. झोअँथिड, लेदर आणि मशरूम यांच्या बाबतीत मात्र हा शून्य उपासमारीचा आहे. त्यांच्या ऊतींमध्ये राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशातून साखर बनवतात, पण वाढीसाठी त्यांना नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यातूनच मिळवावे लागतात. मृदू प्रवाळांसाठी नायट्रेट पाच ते पंधरा आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 मिलिग्रॅम प्रति लिटर या पट्ट्यात असणे मला योग्य वाटते. दोन्ही शून्यावर फार काळ राहिले, की वाळूवर आणि दगडांवर बुडबुडे धरणारा तपकिरी, चिकट डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा थर येण्याचा धोका असतो, आणि तो घालवणे एप्टेशिया घालवण्याहून कितीतरी अवघड आहे. म्हणून फॉस्फेट शोषणारे माध्यम आज निम्मे काढा आणि उरलेले आठवड्याने. माशांना दिवसातून एकदा खायला देत असाल, तर दोनदा द्या. मासे खातील, त्यांची विष्ठा व उरलेसुरले कण पाण्यात मिसळतील आणि तेच प्रवाळांचे अन्न होईल. बाटलीतले 'कोरल फूड' विकत घेण्याची आपल्याला गरज नाही. पॅलिथोआ मोठ्या तोंडाचे असल्याने मांसाचा बारीक तुकडा दिला तर तो आवडीने गिळतात. लहान झोअँथिड बहुधा त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

मृदू प्रवाळांसाठी कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचे (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) द्रावण रोज घालायचीही आवश्यकता नाही. लेदरच्या मांसल शरीरात चुन्याचे सूक्ष्म काटे असतात खरे, पण कठीण सांगाडा बांधणाऱ्या प्रवाळांच्या तुलनेत त्यांची मागणी नगण्य असते आणि दर पंधरवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदलले की ती भागते. अल्कलिनिटी आठ-नऊ डीकेएच (तिचे एकक) आणि कॅल्शियम 400 ते 450 मिलिग्रॅम प्रति लिटर एवढ्यावर समाधान मानावे.

दिव्याची तीव्रता एका झटक्यात दुप्पट करणे हे खारटपणाच्या हेलकाव्यानंतरचे दुसरे मोठे कारण असावे. पॉलिप न उमलण्याचा अर्थ 'प्रकाश कमी पडतो' असा आपण घेतला. प्रकाश कमी पडला तर झोअँथिड मिटत नाहीत. त्यांचे देठ लांब होऊन ते दिव्याकडे माना उंचावतात. मिटून राहणे, कडेने फिके पडणे, तोंडाचा भाग आक्रसणे ही अति प्रकाशाची किंवा चिडचिडीची लक्षणे आहेत. दिवा पुन्हा 40 टक्क्यांवर आणा. महिन्याभराने सारे स्थिर झाले आणि तरीही देठ लांबलेले दिसले, तर दर आठवड्याला पाच टक्के या गतीने वाढवा. मशरूम दगडाच्या सावलीत, संथ प्रवाहात ठेवावेत. झोअँथिडना मध्यम प्रकाश आणि अंगावर साचलेला गाळ उडून जाईल इतपत प्रवाह पुरतो. वेव्हमेकरचा झोत एकाच दिशेने सतत त्यांच्यावर आदळत असेल, तर तो काचेकडे वळवा.

लेदरविषयी आपल्याला वाटणारी काळजी बरीच कमी करता येईल. सार्कोफायटॉन जातीचे हे प्रवाळ अंगावरचा मेणचट थर अधूनमधून टाकून देतात. त्या काळात छत्री मिटते, रंग मळकट दिसतो, पॉलिप आत जातात आणि हे काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत चालते. त्याला हात लावू नका, पापुद्रा बोटांनी सोलू नका. फक्त प्रवाह थोडा वाढवा, म्हणजे तो आपोआप सुटून जाईल. तीन आठवड्यांनंतरही तो तसाच राहिला किंवा देठाशी काळे, मऊ, कुबट वास येणारे ठिपके दिसले, तरच काळजीचे कारण समजावे. लेदरच्या बाबतीत खरी अडचण वेगळी आहे. तो शेजाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी टर्पिन गटातील रसायने पाण्यात सोडतो आणि त्रासलेला लेदर ती अधिक सोडतो. दीडशे लिटर ही या भांडणासाठी लहान जागा आहे. स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) चालू ठेवा, सक्रिय कोळशाची छोटी पिशवी पाण्याच्या वाटेत टांगा आणि ती दर तीन-चार आठवड्यांनी बदला. कोळसा सुरुवातीला थोडाच घाला. तो पाण्यातला पिवळसरपणा इतक्या झपाट्याने काढतो की दिवा न वाढवताही प्रकाश वाढल्यासारखा होतो.

झेनियाच्या वाट्याला फार वेळ देण्यासारखे काही नाही, याचे मला थोडे वाईट वाटते, कारण तिच्या पॉलिपांची उघडझाप पाहत बसण्यासारखी असते. तांबड्या समुद्रातील एलात येथे तिच्याच कुळातील प्रवाळावर काम करणाऱ्या इस्रायली संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले की या हालचालीने पॉलिपांभोवती साचलेला ऑक्सिजन दूर सारला जातो आणि प्रकाशसंश्लेषणाचा वेग वाढतो. आपल्या टाकीतील झेनिया विरघळू लागली असेल, तर मेलेला भाग लगेच काढून टाका, कारण तो कुजून पाणी बिघडवतो. जिवंत राहिलेला एखादा देठही पुढे दगडभर पसरतो. इतका, की काही जण तिला तण समजतात.

आयोडीनचे थेंब बंद करा. ज्या द्रव्याची पाण्यातील पातळी आपण मोजत नाही, ते घालू नये. पाणी बदलताना वापरलेल्या मिठातून पुरेसे आयोडीन मिळत राहते. आयोडीनयुक्त द्रावणाचा उपयोग वेगळ्या भांड्यात, दगड काही मिनिटे बुडवून कीटक झटकण्यासाठी होतो, आणि त्याचीही गरज तपासणीनंतरच ठरवावी. रात्री दिवे मालवल्यावर तासाभराने लाल उजेडाच्या बॅटरीने झोअँथिडचे दगड पाहा. झोअँथिड खाणारी कवचहीन सागरी गोगलगाय त्यांच्याच रंगाची असते आणि मिटलेल्या पॉलिपसारखीच दिसते. सनडायल गोगलगायीच्या चपट्या शंखावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी असते. सागरी कोळी पॉलिपांच्या बुंध्याशी काटक्यांसारखे पाय पसरून बसतात. काही आढळले तर दगड द्रावणाच्या बाटलीवरील प्रमाणानुसार बुडवा, पण अंडी त्याने मरत नाहीत. ती पॉलिपांच्या बाजूला पांढऱ्या गुंडाळीसारखी चिकटलेली असतात. ती चिमट्याने काढून बुडवण्याची क्रिया आठवड्याने पुन्हा करावी लागते. हे सारे हातमोजे आणि चष्मा घालूनच. काहीच आढळले नाही, तर दगड जागेवरून हलवूही नका.

हे बदल एकाच दिवशी करू नयेत, अशी माझी विनंती आहे. पहिल्या आठवड्यात फक्त रोजचे पाणी भरणे, दिवा पूर्ववत करणे, आयोडीन थांबवणे आणि निम्मे माध्यम काढणे एवढेच करा. यांपैकी काहीही नवे नाही, तर चुकीने घातलेले मागे घेणे आहे, म्हणून ते एकत्र चालेल. कोळसा दुसऱ्या आठवड्यात, एप्टेशिया तिसऱ्यात. झोअँथिड सावरायला दोन-तीन आठवडे घेतात, आणि त्या काळात एखाद्या दिवशी निम्मे उमलून दुसऱ्या दिवशी पुन्हा मिटले, तरी पंप, प्रवाह किंवा दिवा यांना हात लावू नका. मे महिन्यात वीज जाण्याची भीती असेल, तर वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घ्या. दिवा काही तास नसला तरी चालतो, पाणी स्थिर राहिलेले चालत नाही.

हॅमर कोरल घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो. तो कठीण सांगाड्याचा प्रवाळ आहे, आणि असे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्री पंखे, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन-पाइप प्रवाळ यांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान देण्यात आले आहे. ज्या कायद्याने वाघाला संरक्षण आहे, त्याच कायद्याने त्यांना आहे, आणि विकणाऱ्याइतकाच विकत घेऊन बाळगणाराही अडचणीत येतो. 'आमच्या टाकीत वाढवलेला तुकडा आहे' या तोंडी खात्रीने ती अडचण टळत नाही.

मालवणच्या खडकांवरील पॉलिप म्हणजे झोअँथिडच आहेत. मुंबई आणि रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यांवरही ओहोटीच्या वेळी त्यांचे गालिचे दिसतात. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि तिथून काहीही उचलून आणणे गुन्हा ठरतो, पण त्या हद्दीबाहेरही ते आणू नयेत असेच मी सांगेन. दिवसातून दोनदा भरती-ओहोटीत ऊन, वारा आणि लाटांचा मार खाणारा तो जीव दीडशे लिटरच्या शांत पाण्यासाठी नाही, आणि त्याच्याबरोबर येणारे कीटक, गोगलगायी व रोगजंतू आपल्या उरलेल्या तीन दगडांनाही ग्रासतील. गावी जाल तेव्हा अमावास्या-पौर्णिमेच्या जवळची मोठी ओहोटी गाठा आणि ते तिथेच पाहा. चालताना पाय मात्र उघड्या खडकावर ठेवा, कारण पॅलिथोआ त्या गालिच्यातही असतात.